संस्थेसाठी घेतलेला पैसा

सत्ता माणसाला बिघडवते, असे आपण इतक्या सहज म्हणतो की ती नेमकी कोणत्या वाटेने बिघडवते याचा विचार करायचे राहूनच जाते. भ्रष्टाचार म्हटले की डोळ्यांसमोर येणारे चित्र ठरलेले असते: बंद दार, टेबलाखालून सरकवलेले पाकीट, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नोटा. असे पाकीट घेणारे लोक असतात आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावून त्यांना पकडतोही. परंतु बुद्धिमान, कष्टाळू आणि लोकांसाठी काही करून दाखवण्याची खरी इच्छा असलेल्या माणसाचा पाय बहुधा त्या पाकिटापाशी घसरत नाही. ते पाकीट तो परत करतो आणि परत केल्याचा त्याला रास्त अभिमानही असतो. आपण उभारलेल्या एखाद्या चांगल्या कामासाठी कोणी धनादेश घेऊन येतो आणि त्याच वेळी त्या देणगीदाराचा अर्ज आपल्या सहीची वाट पाहत पडलेला असतो, तेव्हा त्याची खरी परीक्षा होते.

या परीक्षेचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण म्हणजे बॅरिस्टर अ. र. अंतुले यांची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यामुळे आजच्या तरुण वाचकाला त्यातले फार तर ‘सिमेंट प्रकरण’ एवढे दोन शब्द ठाऊक असतात आणि ते ऐकून तो एका लोभी राजकारण्याची कल्पना करतो. प्रत्यक्षातले प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे होते आणि म्हणूनच त्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कोकणातल्या आंबेतसारख्या गावातून निघून लंडनला बॅरिस्टर झालेले अंतुले ९ जून १९८० रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. निर्णय झटपट घेणारा आणि फाइल तुंबू न देणारा मुख्यमंत्री अशी त्यांची ख्याती होती. आजही राज्यातील हजारो विधवा, वृद्ध आणि अपंगांच्या तोंडी असलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आले आणि कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले तेही त्याच वर्षी. हे सर्व मी मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण ज्याच्या हातून काहीच चांगले घडले नाही अशा माणसाच्या पतनातून आपल्याला फारसे काही कळत नाही. लोकांचे भले करण्याची ताकद आणि वाकड्या वाटेने जाण्याची मुभा या दोन्ही गोष्टी एकाच सहीत असतात आणि ती सही करणारा हातही एकच असतो.

त्या काळचे सिमेंट म्हणजे काय होते, हे समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. सिमेंटची किंमत आणि वाटप ही दोन्ही सरकारच्या नियंत्रणात होती, उत्पादन मागणीच्या मानाने अपुरे होते आणि दुकानात जाऊन हव्या तेवढ्या गोण्या विकत घेणे सामान्य माणसाला शक्य नव्हते. दोन खोल्यांचे घर बांधायचे असले तरी परमिटसाठी अर्ज करावा लागे, कचेरीत खेटे घालावे लागत आणि मंजूर झालेल्या चार गोण्यांवर समाधान मानून उरलेल्या काळ्या बाजारातून चढ्या भावाने घ्याव्या लागत. मुंबईतल्या बांधकाम व्यावसायिकाचे गणित मोठे होते. इमारत अर्धवट उभी, पैसा अडकलेला, व्याज वाढत चाललेले आणि ग्राहक दारात. अशा वेळी नियंत्रित दराने सिमेंट देणारा एक आदेश म्हणजे काळ्या बाजारातला दर आणि सरकारी दर यांच्यातल्या फरकाएवढी रक्कमच हातात पडण्यासारखे होते. ही रक्कम ज्या सहीतून निर्माण होत होती, त्या सहीची किंमत बाजाराला ठाऊक होती. सही करणाऱ्याला ती ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे.

याच काळात अंतुले यांच्या पुढाकाराने इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि आणखी काही विश्वस्त संस्था उभ्या राहिल्या. गुणवंतांना आणि कलावंतांना साहाय्य करावे अशा स्वरूपाची त्यांची उद्दिष्टे होती आणि ती वाचून कोणीही आक्षेप घेतला नसता. त्या संस्थांकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. देणाऱ्यांत बांधकाम व्यावसायिक होते आणि सहकारी साखर कारखानेही होते. म्हणजे ज्यांचे काही ना काही काम सरकारकडे सतत अडलेले असते असेच लोक होते. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून हा व्यवहार उघड केला. संसदेत आणि विधिमंडळात गदारोळ झाला, समाजवादी नेते प. बा. सामंत आणि त्यांचे सहकारी उच्च न्यायालयात गेले आणि १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला. देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा परस्परांशी संबंध आहे, हा त्या निकालाचा गाभा होता. अंतुले यांनी राजीनामा दिला आणि बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले.

त्यानंतरचा फौजदारी खटला वर्षानुवर्षे न्यायालयांत फिरत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो उच्च न्यायालयाकडे सोपवला आणि १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने आपल्याच न्यायालयाचा तो आदेश बहुमताने चुकीचा ठरवला. त्या खटल्यात अंतुले यांना शिक्षा झाली नाही. पुढे ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले आणि २००६ पासून अल्पसंख्याक व्यवहारमंत्रीही होते. हे नोंदवणे न्यायाला धरून आहे आणि मला या लेखात त्यांच्यावर नव्याने खटला चालवायचा नाही. मला त्यांच्या बाजूने त्या वेळी केल्या गेलेल्या युक्तिवादाकडे पाहायचे आहे, कारण तो युक्तिवाद मी नंतर गावोगावच्या संस्थाचालकांच्या, नगरसेवकांच्या आणि साध्या मंडळाध्यक्षांच्या तोंडूनही ऐकत आलो आहे. ‘साहेबांनी एक रुपया घरी नेला नाही, जे घेतले ते संस्थेसाठी घेतले.’

या वाक्यात प्रामाणिकपणाचा इतका भास आहे की ते ऐकून बहुतेकांचा विरोध मावळतो. परंतु कायदा करणाऱ्यांना हे वाक्य अंतुले यांच्या जन्माआधीपासून ठाऊक होते, असे म्हणावे लागते. लाचेची व्याख्या करणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम १६१ मध्ये लोकसेवकाने ‘स्वतःसाठी किंवा अन्य कोणत्याही व्यक्तीसाठी’ घेतलेला मोबदला, असे स्पष्ट म्हटले होते. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात हे कलम सामावले गेले तेव्हाही तो भाग सोडून दिला गेला नाही. पैसा कोणाच्या खिशात गेला या प्रश्नाआधी तो कशाच्या बदल्यात आला हा प्रश्न विचारला पाहिजे, ही जाण त्या शब्दांत आहे.

चांगल्या कामासाठी घेतलेला पैसा सत्ताधाऱ्याला अधिक धोकादायक असतो, असे मी म्हणतो याचे पहिले कारण असे की त्यात लाज नसते. लाच घेणारा ती लपवतो आणि ज्याअर्थी लपवतो त्याअर्थी ती चूक आहे हे त्याला रोज नव्याने आठवत राहते. देणगीची पावती मात्र फाडली जाते, देणगीदाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, त्याचे नाव संगमरवरी फलकावर कोरले जाते आणि घरी बायकामुलांना ती गोष्ट अभिमानाने सांगता येते. मनातला टोचणारा काटाच निघून गेला की सावध करायला आत कोणी उरत नाही. बाहेरचे तर आधीच गप्प झालेले असतात, कारण देणगीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या वसतिगृहात त्यांच्याच गावची मुले शिकत असतात.

दुसरे कारण देणाऱ्याच्या स्वातंत्र्याशी निगडित आहे. देणगी स्वेच्छेने दिली, असे सांगितले जाते. परंतु ज्याचे सिमेंट, ज्याचा परवाना, ज्याचे बिल किंवा ज्याच्या मुलाचा प्रवेश आपल्या हातात आहे त्याला आपल्यासमोर स्वेच्छा नसतेच. आपण मागितले नाही तरीही नसते. सत्तेत बसलेल्या माणसाला समोरच्याची अगतिकता दिसेनाशी होते आणि ती त्याला आपल्याविषयीचा आदर वाटू लागते. हा दृष्टिदोष मला पैशाच्या लोभापेक्षाही गंभीर वाटतो, कारण लोभी माणसाला आपण लोभी आहोत एवढे तरी ठाऊक असते.

तिसऱ्या माणसाचे नाव मात्र या सगळ्या हिशेबात कुठेच येत नाही. सिमेंटचा साठा मर्यादित होता. एका बांधकाम व्यावसायिकाला ‘विशेष बाब म्हणून’ जास्तीच्या गोण्या मिळाल्या की त्या कोणाच्या तरी वाट्यातून वजा होणारच होत्या. ज्याने देणगी दिली नाही, ज्याला देणे शक्यच नव्हते आणि ज्याला अशी वाट आहे हेही माहीत नव्हते, तो माणूस पावसाळ्याआधी घरावर छत यावे म्हणून रांगेत उभा राहिला. त्याने कोणाविरुद्ध तक्रार केली नाही, कारण आपले काय गेले हे त्याला कधी कळलेच नाही. प्रतिष्ठानातून एखाद्या गुणी कलावंताला मदत झाली असती तरी त्या मदतीचे मोल या अनोळखी माणसाने चुकते केले असते, आणि त्यासाठी त्याची परवानगी कोणीही घेतली नव्हती.

‘विशेष बाब म्हणून’ हे शब्द सरकारी टिपणीत ज्यांनी वाचले असतील त्यांना त्यांचे सामर्थ्य सांगण्याची गरज नाही. नियम सर्वांसाठी असतो आणि मंत्र्यांचा शेरा एकासाठी असतो. असा अधिकार मुळात निर्दय नियमात दयेला जागा असावी म्हणून ठेवलेला असतो आणि खऱ्या अडचणीतल्या माणसाला त्याचा उपयोगही होतो. पण दया दाखवण्याचा अधिकार हाती असणे ही सत्तेतली सर्वांत गोड गोष्ट आहे. सकाळी बंगल्यावर जमलेल्या गर्दीतल्या प्रत्येकाच्या अर्जावर काही तरी शेरा मारायचा, त्याने वाकून नमस्कार करायचा आणि आपण कोणाचे तरी भले केले या भावनेने दिवस सुरू करायचा. हे रोज घडू लागले की नियम ही आपल्या औदार्याच्या आड येणारी अडगळ वाटू लागते आणि जो सचिव नियम दाखवतो तो हटवादी वाटू लागतो. काही महिन्यांत त्याची बदली होते. त्याच्या जागी येणारा माणूस आधीच सगळे समजून आलेला असतो.

हे दूषण एकट्या व्यक्तीच्या स्वभावावर ढकलून मोकळे होणेही मला मान्य नाही. त्या काळातील एक वस्तुस्थिती फारशी सांगितली जात नाही: १९६९ मध्ये कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणगी देण्यावर कायद्याने बंदी घालण्यात आली होती आणि ती १९८५ मध्ये उठली. मधल्या सोळा वर्षांत निवडणुका थांबल्या नव्हत्या. उलट त्यांचा खर्च वाढत होता. उजेडातली वाट बंद झाल्यावर पैसा अंधारातून वाहू लागला आणि तो आणण्याची जबाबदारी ज्यांच्या हातात परवाने व वाटप होते अशा राज्यांच्या सत्ताधाऱ्यांवर येऊन पडली. जो नेता वरिष्ठांना निधी देऊ शकतो त्याचे वजन वाढते, जो देऊ शकत नाही तो कितीही स्वच्छ असला तरी त्याला कर्तबगार मानले जात नाही, अशी मोजपट्टी पक्षांतच तयार झाली. आज विधानसभेच्या उमेदवाराला कायद्याने ४० लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे आणि कोणत्याही तालुक्यातला कोणताही कार्यकर्ता ती ऐकून काय म्हणतो, हे मी लिहिण्याची आवश्यकता नाही. सत्तेच्या पहिल्याच पायरीवर खोट्या हिशेबावर सही करावी लागत असेल, तर पुढच्या पायऱ्यांवरच्या सह्यांचे आश्चर्य वाटायला नको.

मी अनेक वर्षे एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होतो. वाचनालयाची सत्ता ती किती असणार, पण तिथेही ही परीक्षा आली. इमारतीच्या दुसऱ्या मजल्याचे काम चालू असताना कंत्राटदाराचे शेवटचे बिल तपासणीसाठी आमच्याकडे होते आणि त्याच आठवड्यात त्याने बालविभागासाठी मोठी देणगी देऊ केली. पुस्तके घ्यायला आमच्याकडे पैसे नव्हते, कंत्राटदार भला माणूस होता आणि त्याची मुलेही आमच्याकडे वाचायला येत. कार्यकारिणीतले बहुतेक जण आनंदले. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी कंत्राटदाराचे मनापासून आभार मानले आणि सांगितले की बिलाचा निकाल लागेपर्यंत आणि त्यानंतरही एक वर्ष तुमच्याकडून संस्था काही स्वीकारणार नाही. वर्षानंतर द्यावेसे वाटले तर जरूर या. मग आमच्याकडे वळून ते म्हणाले, ‘बिलात आपण एखादा रुपया बरोबर मंजूर केला तरी तो बरोबर आहे, हे आपल्याला आता स्वतःलाच सिद्ध करता येणार नाही.’ बिलातल्या दोन नोंदी पुढे मोजमापात चुकीच्या निघाल्या आणि त्या शांतपणे दुरुस्त झाल्या. देणगी घेतलेली असती तर त्या नोंदींकडे आम्ही त्याच नजरेने पाहिले असते का, याचे उत्तर देण्याची वेळ अध्यक्षांनी आमच्यावर येऊ दिली नाही. त्यांना माणसांविषयी संशय नव्हता. स्वतःच्या निर्णयबुद्धीला उपकाराचे ओझे झेपत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

महाराष्ट्राला या बाबतीत शहाणपण बाहेरून आणण्याची गरज नव्हती. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. चोरी न करता इमानेइतबारे काम करीन, अशी शपथ या सुभेदाराने आधीच घेतली असल्याचा उल्लेख त्यात आहे आणि तरीही महाराज त्याला भाजीच्या देठासही मन न दाखवता वागायला बजावतात. हे वाक्य भाषणांतून पुष्कळदा उद्धृत होते, पण त्या पत्रातला पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शपथेवर विसंबून पत्र तिथेच संपत नाही. गावोगाव स्वतः फिरावे, कुळे गोळा करावीत, ज्याच्याकडे मनुष्यबळ आहे पण बैल आणि पोटाला दाणे नाहीत त्याला बैलांसाठी रोख पैसे आणि धान्य द्यावे, व्याज न लावता केवळ मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावे, असा तपशील त्यात येतो. सुभेदाराच्या हातात लोकांना पैसे देण्याचा मोठा अधिकार सोपवला जात होता आणि नेमक्या त्याच पत्रात देठाची ताकीद दिली जात होती. घेण्याच्या अधिकाराइतकाच देण्याचा अधिकारही माणसाला मोहात पाडतो, हे लिहिणाऱ्याला दिसत होते असे मला वाटते.

पैसा अजिबात नसलेला भ्रष्टाचारही असतो आणि सचोटीची परीक्षा तिथे अधिक कठीण होते, कारण स्वतःला माफ करणे अधिक सोपे जाते. विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी कहर केला असताना २००६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव येथील एका शेतकऱ्याने सावकारीची तक्रार केली. तक्रार सत्ताधारी पक्षाच्या आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध होती. तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून पोलिसांना या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारींबाबत सूचना गेली आणि पोलीस ठाण्याच्या डायरीत तिची नोंद झाली. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हस्तक्षेपाबद्दल कडक ताशेरे ओढले आणि उच्च न्यायालयाने राज्य सरकारवर बसवलेली २५ हजारांची रक्कम वाढवून १० लाख रुपये केली. या प्रकरणात कोणी कोणाला पैसे दिले, असा प्रश्नच नव्हता. आपल्या माणसाला सांभाळून घ्यायचे, एवढेच होते. राजकारणात ज्याला आपण ‘माणसे जपणारा नेता’ म्हणून गौरवतो, त्याच्या त्याच गुणाची ही दुसरी बाजू होती, आणि तिची किंमत कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याने मोजायची होती.

त्या डायरीतल्या नोंदीपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. वरून आलेला निरोप कागदावर न आणण्याची रीत सगळ्यांनाच ठाऊक असते. तोंडी सूचना तोंडीच राहते आणि पुढे काही झाले तर ती कोणी दिलीच नव्हती असे होते. खामगावच्या ठाण्यात मात्र ती लिहिली गेली. लिहिणाऱ्याने ती स्वतःच्या बचावासाठी लिहिली असो की नियम म्हणून, राज्याच्या सर्वोच्च पदावरून झालेली कृती पुढे न्यायालयात उभी राहू शकली ती त्या ओळीमुळे. मोठ्या पदावरच्या माणसाची सचोटी टिकवण्याचे काम कधी कधी अगदी लहान पदावरचा माणूस आपले नेहमीचे काम नीट करून करतो.

संस्थांच्या नावाने पैसा घेण्याची रीत सिमेंटबरोबर संपली नाही. सिमेंटवरचे नियंत्रण अंतुले गेल्यानंतर सुमारे दीड महिन्यात अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले आणि परमिटच्या त्या रांगा इतिहासजमा झाल्या. टंचाई मात्र दुसरीकडे सरकली. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये निघू लागली आणि प्रवेशाच्या जागा हीच टंचाईची वस्तू झाली. ज्यांना मान्यता मिळवता येत होती तेच बहुतेकदा संस्थापक होते आणि प्रवेशासाठी घेतला जाणारा पैसा ‘इमारत निधी’ म्हणून पावतीवर येत होता किंवा पावतीवरही येत नव्हता. हे इतके वाढले की १९८७ मध्ये प्रवेशासाठी देणगी घेण्यास प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा राज्याला करावा लागला. शहरांत टंचाईची वस्तू जमीन आहे: कोणत्या भूखंडावरचे आरक्षण उठते, कोणाला किती वाढीव चटई क्षेत्र मिळते, कोणत्या प्रस्तावाला ‘विशेष बाब’ लाभते. या निर्णयांचे मोल सिमेंटच्या गोण्यांहून कित्येक पटींनी मोठे आहे आणि निर्णय घेणाऱ्यांच्या भोवती आजही शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडा प्रतिष्ठाने आणि वाढदिवसाच्या निमित्ताने निघालेले न्यास आहेत. त्यांतल्या अनेक संस्था खरोखर चांगले काम करतात, आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे.

‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण आपल्याकडे सुस्काऱ्यासारखी वापरली जाते आणि तिच्या आधाराने आपण कितीतरी गोष्टी सोडून देतो. मला तसे सोडून देता येत नाही. सत्ता मिळालेल्या माणसाने संत व्हावे अशी अपेक्षा मी करत नाही; पण त्याच्या सचोटीचा भार त्याच्या एकट्याच्या मनोबलावर टाकून आपण मोकळे होणे हाही एक प्रकारचा निष्काळजीपणा आहे. महाराष्ट्राने बदल्यांच्या बाबतीत हे ओळखले होते. २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्याने अधिकाऱ्याला साधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ दिला आणि मुदतपूर्व बदलीची कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन घातले, म्हणजे नियम दाखवणाऱ्या सचिवाला थोडे तरी पाठबळ मिळावे. त्या बंधनाला बगल दिली जाते हे खरे आहे, पण बगल द्यावी लागते आणि तिच्याविरुद्ध न्यायाधिकरणात दाद मागता येते, एवढा फरक पडला आहे.

देणग्यांच्या बाबतीत असे काहीच नाही. निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता प्रतिज्ञापत्रात जाहीर करतो. घरातले सोनेसुद्धा त्यात येते. तो किंवा त्याचे कुटुंबीय ज्या संस्थेचे विश्वस्त आहेत त्या संस्थेला तो पदावर असताना कोणी किती दिले, हे त्या प्रतिज्ञापत्रात येत नाही. सार्वजनिक न्यास म्हणून या संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी दाखल व्हायचे असतात, म्हणजे माहिती सरकारकडे पोहोचण्याची सोय आधीपासून आहे. मंत्री, महापौर, स्थायी समितीचे सदस्य आणि विकास प्राधिकरणांचे पदाधिकारी यांच्याशी संबंधित न्यासांना पदाच्या काळात आलेल्या प्रत्येक मोठ्या देणगीचे नाव आणि तारीख दर वर्षी जाहीर व्हावी, आणि ज्याचा प्रस्ताव त्यांच्यासमोर प्रलंबित आहे त्याच्याकडून देणगी घेण्यास निकालानंतरही ठरावीक मुदतीपर्यंत बंदी असावी, एवढी माझी मागणी आहे. आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी ती मुदत एक वर्षाची धरली होती. राज्यासाठी ती किमान तीन वर्षांची असावी असे मला वाटते. पुढच्या निवडणुकीत मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी त्याच्या संस्थेचे नाव आणि गेल्या पाच वर्षांतल्या देणगीदारांची यादी विचारणार आहे, आणि वाचकांनीही ती विचारावी अशी माझी विनंती आहे.